घटक ६ : रेखाटन आणि खर्डा – लिओनार्दोच्या एका शाई-चित्राच्या आधारे वर्णनलेखनाचा विचार

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला :

• 'रेखाटन', 'खर्डा' आणि 'मसुदा' या संज्ञांचा अर्थ व त्यांचा परस्परसंबंध स्पष्ट करता येईल.
• युरोपीय प्रबोधनकाळातील एका शाई-रेखाटनाचे वाचन कसे करावे, हे सांगता येईल.
• त्या रेखाटनातील कुटुंबदृश्याची अजिंठ्याच्या माता-बालक चित्राशी तुलना करता येईल.
• चित्राचे वर्णन करताना क्रियापदाचे महत्त्व ओळखता येईल.
• स्वतःच्या लेखनाचा खर्डा तयार करून तो सुधारता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, मागील घटकात आपण व्यक्ती आणि स्थळ यांच्या वर्णनाचा विचार केला. या घटकात चित्राचे वर्णन कसे करावे, हे पाहावयाचे आहे. त्यासाठी निवडलेले चित्र पूर्ण झालेले नाही. एका मोठ्या चित्रकाराने आपल्याच उपयोगासाठी केलेली ती कच्ची आखणी आहे. असे चित्र का निवडले, हे एका अनुभवावरून स्पष्ट होईल.

काही वर्षांपूर्वी एका संपर्कसत्रात एका विद्यार्थिनीने आपला स्वाध्याय माझ्याकडे दिला. विषय होता 'आमच्या घरचा सण'. अक्षर सुरेख, एकही खोड नाही. मजकूर मात्र ओळखीचा होता. 'सर्वत्र मंगलमय वातावरण पसरते', 'आनंदाला उधाण येते' अशी वाक्ये त्या दिवशीच्या आणखी आठ-दहा स्वाध्यायांत होती. तिच्या वहीतून एक घडी घातलेला कागद डोकावत होता. तो मी मागितला, तेव्हा ती संकोचून म्हणाली, "सर, ते कच्चं आहे. फार खाडाखोड झालीय." त्या कागदावर तिने घरच्या महालक्ष्म्यांविषयी लिहिले होते. एका वाक्यात 'बसवल्या' हा शब्द खोडून 'उभ्या केल्या' असे लिहिले होते; तेही खोडून शेवटी 'आल्या' असे लिहिले होते. विचारल्यावर तिने सांगितले, "आम्ही बसवतो, पण सासूबाई म्हणतात, त्या येतात."

तीन शब्दांच्या त्या खाडाखोडीत एका घरातील दोन पिढ्यांची श्रद्धा उतरली होती. स्वच्छ प्रतीत त्यातले काहीही शिल्लक राहिले नव्हते. आपल्यापैकी अनेकांनी शिक्षण मध्येच सोडून पुन्हा सुरू केलेले आहे. खाडाखोड म्हणजे अज्ञान, असा समज त्यामुळे अधिक घट्ट बसतो आणि आपण आपले कच्चे लेखन लपवतो. हा समज कितपत बरोबर आहे, हे आता पाचशे वर्षांपूर्वीच्या एका कागदाच्या आधारे तपासू.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ शब्दांचा विचार : काढणे, लिहिणे, खरडणे

मराठीत आपण चित्र 'काढतो'. विहिरीतून पाणी काढावे, फडताळातून भांडे काढावे, तसेच चित्रही काढावयाचे असते. जे आत आहे, पण अजून दिसत नाही, ते बाहेर आणणे हा या क्रियापदाचा गाभा आहे. संस्कृतातील 'लिख्' या धातूचा मूळ अर्थ ओरखडणे, कोरणे असा असून अक्षर लिहिणे आणि चित्र रेखणे या दोन्हींसाठी तो वापरला जातो. ठाणे-पालघर भागातील वारली समाजात लग्नाचा चौक आजही 'लिहिला' जातो. थोडक्यात, लेखन आणि चित्रण यांचे नाते आपल्या भाषेला नवे नाही.

कच्च्या लेखनासाठी मराठीत दोन शब्द रूढ आहेत. पहिला 'खर्डा'. 'खरडणे' या क्रियापदाशी त्याचे नाते सहज जाणवते. आपल्याकडे मिरचीचाही खर्डा असतो, आणि तोही भरडच असतो. दुसरा शब्द 'मसुदा'. हा अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. त्याच्या मुळाशी 'काळेपणा' या अर्थाचा अरबी धातू आहे. मसुदा म्हणजे काळा केलेला कागद. त्याच परंपरेत स्वच्छ प्रतीसाठी असलेला शब्द 'पांढरेपणा' या अर्थाच्या धातूपासून बनला आहे. लेखनाची वाट काळ्याकडून पांढऱ्याकडे जाते, ही जाण या शब्दांतच साठवलेली आहे.

६.३.२ कागद आणि शाई

लिओनार्दो दा व्हिन्ची (१४५२–१५१९) हा इटलीतील प्रबोधनकाळाचा चित्रकार आणि अभ्यासक. त्याचे येथे विचारात घेतलेले रेखाटन लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असून ते सोळाव्या शतकाच्या आरंभीचे, म्हणजे साधारण १५०० ते १५०८ या काळातील मानले जाते. कागद लहान आहे : उंची सुमारे २६ सेंटिमीटर, रुंदी सुमारे २० सेंटिमीटर. आपल्या उत्तरपत्रिकेच्या पानापेक्षाही तो थोडा लहानच. आधी काळ्या खडूने पुसट आखणी, तिच्यावर लेखणीने तपकिरी शाईच्या रेषा, मग शाईचा पातळ हात आणि काही ठिकाणी पांढऱ्या रंगाचे स्पर्श, असे त्यावरील कामाचे थर आहेत. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्याची प्रतिमा पाहता येते. शक्य असल्यास ती समोर ठेवून पुढील भाग वाचावा.

त्या काळी युरोपात लेखनासाठी सर्वत्र प्रचलित असलेली शाई मायफळ आणि हिराकस यांपासून बनवीत. ओकच्या झाडावर कीटकामुळे येणारी गाठ म्हणजे मायफळ. ते कुटून भिजवायचे, त्यात हिराकस घालायचा आणि घट्टपणासाठी डिंक मिसळायचा. ही शाई कागदावर उतरताना फिकट असते; हवा लागली की काळी होते आणि शतके लोटल्यावर तपकिरी दिसू लागते. आपल्याकडील पोथ्यांसाठी प्रामुख्याने काजळाची शाई आणि बोरू वापरीत, हे तुम्ही हस्तलिखितविषयक घटकात वाचले आहे. मायफळ मात्र आपल्याला दुसऱ्या कारणाने परिचित आहे. तान्ह्या बाळाच्या गुटीसाठी आजी जी फळे-मुळे सहाणेवर उगाळते, त्यांत मायफळ असते.

शाईचा एक गुण येथे लक्षात घ्यावयाचा आहे. खडू पुसता येतो, शाई पुसता येत नाही. चुकलेली रेष तशीच राहते आणि नवी रेष तिच्यावरून किंवा तिच्या शेजारून काढावी लागते. शाईने केलेला खर्डा म्हणूनच आपल्या सर्व पायऱ्या जपून ठेवतो.

६.३.३ चित्रातील कुटुंब

चित्राचा विषय ख्रिस्ती परंपरेतील पवित्र कुटुंबाचा आहे. यात चार व्यक्ती आहेत : येशूची आई मरिया, मरियेची आई संत अन्ना, बाळ येशू आणि त्याचा नातलग बाळ योहान. मरिया आपल्या आईच्या मांडीवर बसली आहे आणि मरियेजवळ तिचे बाळ आहे. आजी, आई आणि नातू अशा तीन पिढ्या एकाच आसनावर एकवटलेल्या आहेत.

हा विषय मराठीला परका नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी मरिया आणि येशू यांची कथा मराठी ओवीत गायिली. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यातील राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. लिओनार्दोच्या मृत्यूनंतर शंभर वर्षे पूर्ण होण्याच्या आतच हे कुटुंब मराठी पुराणपरंपरेच्या भाषेत येऊन पोहोचले होते.

नांदेड-लातूरकडील वाचकाला या रचनेतील आणखी एक गोष्ट ओळखीची वाटेल. भाद्रपदात आपल्या घरी ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशा दोन महालक्ष्म्या शेजारी-शेजारी उभ्या असतात आणि त्यांच्यापुढे त्यांची बाळे असतात. कोण थोरली आणि कोण धाकटी, हे मुखवट्यांवरून नवख्याला सांगता येत नाही. लिओनार्दोच्या या विषयावरील चित्रांतही अन्ना आणि मरिया यांच्या वयांतील अंतर फारसे दिसत नाही. आई-मुलीपेक्षा त्या बहिणी वाटाव्यात, अशी त्यांची योजना आहे. दोन परंपरा अर्थातच स्वतंत्र आहेत. एकीचा दुसरीवर प्रभाव पडला, असे येथे सुचवावयाचे नाही. परिचित दृश्याच्या आधाराने अपरिचित दृश्याकडे जाणे सोपे होते, एवढेच सांगावयाचे आहे.

६.३.४ खाडाखोडीचे वाचन

आता रेषांकडे पाहू. प्रथमदर्शनी हे चित्र गोंधळाचे वाटते. एका गुडघ्यासाठी कित्येक रेषा आहेत. हात कोणाचा आणि मांडी कोणाची, हे मध्यभागी कळेनासे होते. एक स्थिती मांडली, पटली नाही, तिच्यावरून दुसरी मांडली, मग तिसरी, असे करता करता शाई इतकी दाट झाली आहे की आकृती त्या काळोखात बुडाल्यासारख्या वाटतात. खालच्या बाजूस याच समूहाच्या लहान आखण्या आहेत आणि त्यांच्याबरोबर काही यांत्रिक रेखाटनेही आहेत. कागद वाया जाऊ द्यायचा नाही, हा हिशेब त्यालाही होता.

कलेतिहासकार ई. एच. गोम्ब्रिख यांनी या कागदाकडे अभ्यासकांचे विशेष लक्ष वेधले. या दाट जंजाळातून आपल्याला हवी असलेली रेष कोणती, हे लिओनार्दोने कसे ठरवले? त्याने टोकदार शलाकेने निवडलेल्या बाह्यरेषा दाबून घेतल्या आणि कागद उलटून मागील बाजूस त्या स्पष्ट करून घेतल्या. कागदाच्या पुढच्या बाजूस मसुदा आहे आणि मागच्या बाजूस निवड आहे. खर्डा आणि पक्की प्रत एकाच कागदाच्या दोन बाजूंना सापडावी, असे उदाहरण दुर्मीळच.

ही पद्धत लिओनार्दोने जाणीवपूर्वक स्वीकारली होती. चित्रकारांना उपदेश करताना तो लिहितो की, रचना जुळवताना अवयव रेखीव करण्याच्या मागे लागू नये. आधी आकृतींच्या मनातील हालचाल त्यांच्या शरीरात उतरते का, ते पाहावे. याच्या समर्थनार्थ तो दाखला देतो तो कवींचा. कवी कविता रचताना सुंदर अक्षराची चिंता करीत नाहीत आणि ओळी खोडून अधिक चांगल्या ओळी लिहिण्याचा त्यांना कमीपणा वाटत नाही, असे त्याचे म्हणणे आहे. कच्च्या आखणीची महती पटवण्यासाठी एका श्रेष्ठ चित्रकाराने लेखकाच्या खाडाखोडीकडे बोट दाखवले, ही गोष्ट भाषेच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी.

मग तो या रेषांतून काय शोधत होता? पात्रे ठरलेली होती आणि कथा सर्वांना माहीत होती. ठरलेले नव्हते ते एवढेच : कोण कोणाला धरते, कोण कोणाकडे वळते आणि कोण कोणाला सोडते. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे, तर नामे हाती होती आणि शोध क्रियापदाचा चालला होता.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

(अ) 'मसुदा' या शब्दाच्या मुळाशी कोणता अर्थ आहे?
(आ) शाईने केलेल्या रेखाटनात चित्रकाराच्या विचाराच्या पायऱ्या का टिकून राहतात?
(इ) लिओनार्दोने निवडलेली रेष वेगळी कशी काढली?

६.३.५ एकच कुटुंब, निरनिराळी क्रियापदे

लिओनार्दोने हा विषय वर्षानुवर्षे हाताळला. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याचे याच समूहाचे एक मोठे 'कार्टून' आहे. आज आपण 'कार्टून' म्हणजे व्यंगचित्र समजतो. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ मात्र जाड, मोठा कागद असा आहे; भिंतीवर किंवा फळीवर उतरवण्यापूर्वी केलेली पूर्णाकृती आखणी म्हणजे कार्टून. हे कार्टून आठ कागद जोडून कोळसा आणि पांढऱ्या खडूने केलेले असून त्याची उंची सुमारे १४१ सेंटिमीटर आहे. आपण पाहिलेल्या लहान कागदाचे याच्याशी जवळचे नाते मानले जाते. येथे बाळ आईच्या हातांतून पुढे झुकून योहानाला आशीर्वाद देते आणि अन्ना मरियेकडे पाहत बोट वर करते. तो वर केलेला हात अपुराच राहिला आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील रंगचित्रात योहान नाही, त्याच्या जागी कोकरू आहे. बाळ त्याच्याशी झोंबते आहे आणि मरिया बाळाकडे वाकली आहे. तेही चित्र लिओनार्दोच्या हयातीत पूर्ण झाले नाही.

याखेरीज एक कार्टून असे आहे की ते आज उपलब्ध नाही. तरीही आपल्याला त्याची माहिती आहे, ती एका पत्रामुळे. एप्रिल १५०१ मध्ये फ्रा पिएत्रो दा नोव्हेल्लारा या धर्मगुरूने फ्लोरेन्सहून मांतुआच्या इझाबेला देस्ते या राजस्त्रीला लिओनार्दोच्या कामाविषयी लिहिले. त्याने केलेल्या वर्णनाचा आशय असा : साधारण वर्षभराचे बाळ आईच्या हातांतून निसटू पाहत एका कोकराला धरते आहे, आई बाळाला कोकरापासून दूर करण्यासाठी अन्नेच्या मांडीवरून उठू पाहते आहे, आणि अन्ना किंचित उठून मुलीला आवरत असल्याचे दिसते. कोकरू हे बलिदानाचे चिन्ह, आणि पुढे येणारे बलिदान कोणी अडवू नये म्हणून कदाचित आजी आईला थांबवत असावी, असा अर्थही तो पुढे सुचवतो.

हे पत्र वर्णनलेखनाचा आदर्श पाठ आहे. त्याची तीन वैशिष्ट्ये पाहा. पहिले, त्यात विशेषणे जवळजवळ नाहीत. निसटणे, धरणे, उठणे, आवरणे ही क्रियापदे सारे चित्र उभे करतात. दुसरे, 'काय दिसते' आणि 'त्याचा अर्थ काय असावा' हे तो वेगळे ठेवतो; अर्थ सांगताना 'कदाचित' म्हणतो. तिसरे, चित्र नाहीसे झाले तरी शब्दांमुळे ते टिकले. वर्णन करणाऱ्यावर केवढी जबाबदारी असते, हे यावरून कळते.

६.३.६ अजिंठ्याचे माता-बालक

आता आपल्या मराठवाड्यातील एका चित्राकडे वळू. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात, गर्भगृहापुढील अंतराळाच्या भिंतीवर, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील एक प्रसिद्ध चित्र आहे. भव्य आकाराचे बुद्ध भिक्षापात्र घेऊन उभे आहेत. त्यांच्यासमोर एक स्त्री आणि एक बालक आहे. ही दोघे बुद्धांच्या मानाने फार लहान दाखवली आहेत. अभ्यासक सामान्यतः त्यांना यशोधरा आणि राहुल मानतात. बोधिप्राप्तीनंतर बुद्ध कपिलवस्तूला आले, तेव्हा यशोधरेने मुलाला पित्याकडे आपला वारसा मागण्यास पाठवले आणि बुद्धांनी त्याला प्रव्रज्येचा वारसा दिला, अशी ती कथा आहे.

अजिंठ्याचे चित्रण कागदावरचे नाही आणि त्यात शाईही नाही. खडकावर माती, भुसा, तंतू यांचा गिलावा, त्यावर पांढरा पातळ थर, त्यावर तांबड्या रंगाने आखणी, मग रंगभरण आणि शेवटी बाह्यरेषा पुन्हा गडद करणे, असा तेथील क्रम होता. रंग जेथे झडला आहे, तेथे खालची तांबडी रेघ डोकावते. भिंतीचाही खर्डा होता, तो रंगाखाली झाकलेला होता. विसाव्या शतकाच्या विसाव्या दशकाच्या आरंभी हैदराबाद संस्थानाने या चित्रांच्या संवर्धनासाठी इटलीहून तज्ज्ञ बोलावले होते. नांदेड-लातूरचा आपला मुलूखही तेव्हा त्याच संस्थानात होता. लिओनार्दोच्या देशातील हात अशा रीतीने मराठवाड्यातील या भिंतींपर्यंत पोहोचले.

दोन्ही दृश्ये शेजारी ठेवली म्हणजे काय दिसते? दोन्हींत आई आणि मूल आहे. मूल एका मोठ्या, कठोर ध्येयाकडे निघाले आहे. नोव्हेल्लाराने वर्णिलेल्या चित्रात आई मुलाला मागे ओढते आणि आजी आईला आवरते. अजिंठ्यात आई मुलाच्या मागे उभी राहून त्याला पुढे करते. पतीने घर सोडलेले तिने पाहिले आहे आणि आता मुलगाही त्याच वाटेने जाणार आहे. तिची नजर वर, बुद्धांच्या मुखाकडे लागलेली आहे. 'मातृप्रेमाचे हृदयस्पर्शी चित्र' असे दोन्हींविषयी लिहिता येईल आणि ते चूकही ठरणार नाही. पण त्या वाक्याने दोन्ही चित्रे एकसारखी होतील. 'मागे ओढते' आणि 'पुढे करते' असे लिहिले, की दोन आया दोन ठिकाणी स्पष्ट उभ्या राहतात.

६.३.७ वर्णनाचा खर्डा कसा करावा?

वरील विवेचनाच्या आधारे एक वाक्य टप्प्याटप्प्याने घडवू. विषय : नोव्हेल्लाराच्या पत्रातील चित्र.

पहिला खर्डा : 'चित्रात एक प्रेमळ आई आपल्या गोंडस बाळासोबत बसलेली दिसते.'

हे वाक्य कोणत्याही दिनदर्शिकेवरील चित्राला लागू पडेल. 'प्रेमळ' आणि 'गोंडस' ही विशेषणे आपण चित्र पाहण्यापूर्वीच ठरवली होती. ती खोडू.

दुसरा खर्डा : 'आई बाळाला धरून आहे.'

येथे क्रियापद आले, पण ते पुरेसे अचूक नाही. शिवाय वाक्याचा कर्ता आई आहे. चित्रात हालचाल कोणापासून सुरू होते? बाळापासून. कर्ता बदलून पाहू.

तिसरा खर्डा : 'बाळ कोकराकडे झेपावते आहे, आई त्याला मागे घेण्यासाठी उठते आहे, आणि आजी आईला आवरते आहे.'

तीन कर्ते, तीन क्रियापदे. कोठेही 'वात्सल्य' हा शब्द नाही, तरी वाचकाला ते जाणवते आणि त्यातील ताणही जाणवतो. या तिसऱ्या वाक्यापर्यंत पहिल्या दोन वाक्यांशिवाय पोहोचता आले असते का? फार क्वचित. चुकीचे वाक्य कागदावर आल्यावरच ते चुकीचे का आहे, हे आपल्याला दिसते. लिओनार्दोलाही पहिली रेष काढल्यावरच दुसरी सुचली.

खर्डा करताना पुढील क्रम उपयोगी पडेल :

१. चित्राकडे किमान दहा मिनिटे पाहावे. या वेळेत काही लिहू नये.
२. कोण आहे, ते नोंदवावे. मग कोण काय करते, ते नोंदवावे.
३. प्रत्येक क्रियापदाला दुसरा पर्याय लिहून पाहावा. जुना शब्द एका रेषेने असा खोडावा की तो वाचता येईल.
४. दिसणाऱ्या गोष्टी आणि आपले अनुमान वेगळे ठेवावे. अनुमानाला 'बहुधा', 'असावे' अशी जोड द्यावी.
५. शेवटी पाठकोरा कागद घेऊन निवडलेली वाक्ये उतरवावीत. खर्डा फेकू नये.

एक सावधगिरीही आवश्यक आहे. खर्डा मोलाचा आहे, याचा अर्थ तोच वाचकाच्या हाती द्यावा, असा नाही. लिओनार्दोने कागद उलटला, हे विसरू नये. परीक्षकाला स्वच्छ प्रत मिळालीच पाहिजे. मात्र ती आपल्याच काळ्या झालेल्या कागदातून निघालेली असावी. दुसऱ्याच्या स्वच्छ प्रतीवरून उतरवलेली प्रत कितीही नेटकी असली, तरी तिच्या मागच्या बाजूस काहीच नसते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २

(अ) नोव्हेल्लाराच्या पत्रातील वर्णनाची दोन वैशिष्ट्ये सांगा.
(आ) अजिंठा येथील चित्रातील आई आणि पत्रात वर्णिलेली आई यांच्या कृतींत कोणता भेद आहे?
(इ) पहिल्या खर्ड्यातील 'प्रेमळ' आणि 'गोंडस' ही विशेषणे का वगळली?

६.४ सारांश

रेखाटन हा चित्राचा खर्डा होय. लिओनार्दोच्या शाई-रेखाटनात एका पवित्र कुटुंबातील व्यक्तींचे परस्परसंबंध शोधण्याची प्रक्रिया रेषांच्या दाटीतून दिसते. निवडलेली रेष त्याने कागदाच्या मागे उतरवली. कच्च्या आखणीचे समर्थन करताना त्याने कवींच्या खाडाखोडीचा दाखला दिला. नोव्हेल्लाराचे पत्र आणि अजिंठ्याचे माता-बालक यांच्या तुलनेवरून असे दिसते की, चित्राचे वेगळेपण प्रामुख्याने क्रियापदांतून व्यक्त होते. 'बसवल्या', 'उभ्या केल्या', 'आल्या' हा आरंभी पाहिलेला शोध त्याच जातीचा होता. त्या विद्यार्थिनीने पुढे तो कच्चा कागदच आधाराला घेऊन स्वाध्याय नव्याने लिहिला. त्यात 'मंगलमय वातावरण' नव्हते. संध्याकाळी उंबरठ्यावर उमटवलेली कुंकवाची पावले होती आणि 'आल्या गं' म्हणणाऱ्या सासूबाई होत्या.

६.५ पारिभाषिक शब्द

प्रबोधनकाळ : युरोपात साधारण चौदाव्या ते सोळाव्या शतकांत झालेल्या विद्या-कलांच्या नवजागरणाचा काळ.
रेखाटन : चित्रापूर्वी रचनेचा शोध घेण्यासाठी केलेली आखणी.
कार्टून : (येथे) अंतिम चित्राच्या आकाराची कागदावरील पूर्वतयारी.
शलाका : दाबून खूण उमटवण्याचे टोकदार साधन.
अंतराळ : मंदिरातील किंवा लेण्यातील गर्भगृहापुढील छोटा भाग.
प्रव्रज्या : गृहत्याग करून भिक्षुसंघात प्रवेश.

६.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) काळेपणा, मसुदा म्हणजे काळा केलेला कागद. (आ) शाई पुसता येत नसल्याने आधीच्या रेषा कायम राहतात. (इ) शलाकेने रेषा दाबून घेऊन, कागद उलटून मागील बाजूस त्या स्पष्ट केल्या.

प्रश्न २ : (अ) क्रियापदांवर भर, निरीक्षण आणि अर्थ यांची वेगळी मांडणी. (आ) पत्रातील आई बाळाला मागे घेऊ पाहते; अजिंठ्यातील आई मुलाला पुढे करते. (इ) ती कोणत्याही माता-बालक चित्राला लागू पडतात. या चित्राचे वेगळेपण सांगत नाहीत.

६.७ सरावासाठी स्वाध्याय

१. 'खाडाखोड ही विचाराची खूण आहे.' या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. लिओनार्दोचे शाई-रेखाटन आणि अजिंठ्याचे माता-बालक चित्र यांची रेषा, साधने आणि आशय या मुद्द्यांवर तुलना करा.
३. आपल्या घरातील एखाद्या जुन्या कौटुंबिक छायाचित्राचे १५० शब्दांत वर्णन करा. एकही विशेषण न वापरता पहिला खर्डा लिहा. दुसऱ्या खर्ड्यात आवश्यक वाटतील तेवढीच, फार तर तीन, विशेषणे योजा.

६.८ क्षेत्रीय कार्य

आपल्या परिसरातील एखाद्या जुन्या मंदिरातील देवकुटुंबाचे शिल्प निवडा. निलंगा येथील नीलकंठेश्वर मंदिर, औसा तालुक्यातील खरोसा लेणी किंवा देगलूर तालुक्यातील होट्टल येथील मंदिरे यांचा विचार करता येईल. जाणे शक्य नसेल, तर घरच्या महालक्ष्म्यांची किंवा देव्हाऱ्यातील मांडणी निवडली तरी चालेल. कोण कोणाकडे वळले आहे, कोणाचा हात कोठे आहे, याची नोंद घ्या आणि ३०० शब्दांत वर्णन लिहा. संपर्कसत्रास येताना स्वच्छ प्रतीबरोबर खर्डाही आणावा. चर्चेस आरंभ खर्ड्यापासून होईल.